टिपणे



'टिपणे' हे क्रियापद तुम्ही दिवसातून एकदा तरी वापरत असाल. पाखरू दाणे टिपते. विद्यार्थी व्याख्यानातील मुद्दे टिपतो. शिकारी सावज टिपतो. शाई जास्त झाली तर टीपकागद ती टिपून घेतो, आणि एखाद्याची नजर दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची न बोललेली गोष्ट नेमकी टिपते. एका क्रियापदाच्या पोटात इतके अर्थ कसे नांदतात, हा अर्थविचारातील प्रश्न आहे आणि त्या घटकात तो तुम्हांला भेटेलच. आज मी त्या प्रश्नाकडे माझ्या घराच्या परसदारातून जाणार आहे. गेली चार वर्षे हिवाळ्याच्या सकाळी मी तेथे वही घेऊन बसतो आणि पाखरे दाणे कशी टिपतात ते टिपत असतो.

सुदुंबरे हे माझे गाव. मावळ तालुक्याच्या पूर्वेकडचे, तळेगाव–चाकण रस्त्याजवळचे. संताजी जगनाडे महाराजांची समाधी येथे आहे आणि मार्गशीर्षात त्यांच्या पुण्यतिथीला गाव माणसांनी भरून जाते. व्यवसायाने तेली असलेल्या या माणसाने तुकोबांच्या मुखातून निघालेले अभंग कागदावर उतरवून ठेवले. तेव्हा हे टिपून घेणाऱ्याचे गाव आहे. ही कथा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती, की तिचा आपल्याशी काही संबंध असेल असे कधी वाटलेच नाही. तो कसा लागला ते पुढे येईल.

आबा, म्हणजे माझे वडील, गेले आणि आई गाव सोडायला तयार होईना. म्हणून मी पुण्यातले बिऱ्हाड हलवून येथे आलो. महाविद्यालयात येथूनच जातो. घराला दोन दारे आहेत. पुढचे दार पाहुण्यांचे, परसदार घरच्यांचे. परसात एक जुना आंबा, शेवग्याची दोन झाडे, मेंदीचे वाढलेले कुंपण आणि गुरे होती तेव्हाची दगडी डोणी. सकाळी आठच्या सुमारास ऊन आंब्याच्या बुंध्यापर्यंत पोचते. त्या वेळी आई सूप घेऊन ओट्यावर बसते आणि मी तिच्यापासून चार हातांवर. तुमच्यापैकी काही जण चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून याच वेळी घरी परतत असतील, काही जणी मुलांचे डबे भरून नुकत्या मोकळ्या झाल्या असतील. ही वेळ अभ्यासाची नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण बघण्याची मात्र आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी जे केले ते बहुतेक सुशिक्षित माणसे करतात. बाजारातून दाणे ठेवायचे टांगते भांडे आणले, त्यात बाजरी आणि तांदळाची कणी काठोकाठ भरली आणि वाट पाहत बसलो. दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी चिमण्या आल्या, पाठोपाठ होले, मग चार-सहा मुनिया. मी आनंदून गेलो आणि दाणे वाढवले. पंधरवड्यात नव्या इमारतींच्या छतांवरची कबुतरे आली. दहा, वीस, चाळीस. चिमण्यांना बसायला जागा उरली नाही, ओटा विष्ठेने पांढरा झाला, रात्री उंदीर येऊ लागले आणि शेजारच्या वहिनींनी वाळवण आमच्या बाजूला घालणे बंद केले. आई एवढेच म्हणाली, "दुकान उघडलंस व्हय रं?"

तिचे म्हणणे खरे होते. मी दान करत नव्हतो, गर्दी जमवत होतो. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद पेटला ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात जाणाऱ्यांना फुप्फुसाचा विकार जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच सांगितले आहे. आता मी टांगते भांडे काढून टाकले आहे. एक पसा बाजरी किंवा राळे कुंपणाच्या कडेने विखरून टाकतो, रोज वेगळ्या जागी, नऊ वाजेपर्यंत संपतील इतकेच. शिळी पोळी नाही, फरसाण तर नाहीच. मीठ आणि तेल पाखरांसाठी नव्हे. डोणी रोज काथ्याने घासतो, कारण एका घाणेरड्या पाण्यातून रोग सगळ्या थव्यात पसरतो.

खरे म्हणजे 'हिवाळ्यात पाखरांना खाऊ घालावे' ही कल्पनाच मी पुस्तकांतून उचलली होती, आणि ती पुस्तके थंड देशांतली होती. इंग्लंडात १८९०–९१ चा हिवाळा फार कडक गेला, तेव्हा तेथील वर्तमानपत्रांनी लोकांना पाखरांसाठी अन्न बाहेर ठेवण्याचे आवाहन केले आणि पुढे तो तिकडचा छंदच बनला. जमीन बर्फाखाली गेल्यावर पाखरू काय खाणार? आपल्याकडे हिवाळ्यात जमीन उघडी असते. खळी झालेली असतात, भाताच्या खाचरांत लोंब्या सांडलेल्या असतात, गवत बियांवर आलेले असते. मावळातल्या पाखराची ददात वैशाखात असते, आणि ती दाण्यापेक्षा पाण्याची. म्हणजे डोणी भरायचीच असेल तर ती मार्च ते जून भरलेली हवी. हिवाळ्यात मी दाणे टाकतो ते पाखरांच्या गरजेपोटी कमी आणि मला ती पाहायची असतात म्हणून अधिक. हे एकदा कबूल केले, की माणूस हात राखून टाकतो.

शिवाय हिवाळ्याचे जे खरे पाहुणे, ते माझ्या बाजरीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. दसऱ्याच्या आसपास परसाच्या भिंतीवर एक पाखरू येऊन बसते. चिमणीएवढे, वरून काजळासारखे काळे, पोट आणि शेपटी विटकरी. ते बसले की मान झटकन खाली करते आणि शेपटी थरथरवते. थांबते, पुन्हा थरथरवते. हा थिरथिरा. हिमालयात आणि मध्य आशियात त्याचे घर; उन्हाळा तिकडे, हिवाळा आपल्याकडे. मार्च सरता सरता एके सकाळी भिंत रिकामी असते. तो किडे, कोळी, नाकतोडे खातो. दुसऱ्या वर्षी मी आंब्याखालचा पाला झाडून जाळणे सोडून दिले; कोपऱ्यात तसाच कुजू दिला. त्याच कोपऱ्यात थिरथिऱ्याने ठाण मांडले. डोणीच्या ओलीवर पांढरा धोबी येऊ लागला, शेपटी खाली-वर आपटत, धुण्याच्या दगडावर कपडे आपटावेत तशी. प्राध्यापकांच्या परसात झाडलोट होत नाही, अशी गावात चर्चा आहे. पाहुण्यांचे जेवण त्या न झाडलेल्या कोपऱ्यात असते, हे मी एक-दोघांना सांगून पाहिले. नंतर सोडून दिले.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली संस्था. पाखरांच्या पायांत क्रमांक असलेली बारीक कडी घालून त्यांचे प्रवास शोधण्याचे मोठे काम तिने केले. अशा कड्यांमुळे जगभर एक गोष्ट कळली, की स्थलांतर करणारी अनेक पाखरे हजारो किलोमीटर जाऊन पुढच्या वर्षी नेमक्या त्याच जागी परततात. माझ्या भिंतीवरचा थिरथिरा चार वर्षे तोच आहे की दरवर्षी दुसरा, हे मी सांगू शकत नाही. त्याच्या पायात कडे नाही. तो तोच आहे असे मी धरून चालतो.

आता त्याच्या नावाकडे या. मागील घटकात आपण अभ्यस्त शब्द पाहिले. त्यांपैकी किरकिर, गडगड, कडकडाट यांना आपण अनुकरणवाचक म्हणतो, कारण ते ध्वनीचे अनुकरण करतात. मग थरथर कशाचे अनुकरण करते? थरथरण्याला आवाज कुठे असतो? लुकलुक, लखलख, भुरभुर, झुळझुळ या शब्दांचाही विचार करा. झुळझुळीला आवाज आहे. भुरभुरण्याला असलाच तर नाममात्र. लखलखण्याला मुळीच नाही. म्हणजे मराठी केवळ कानाने अनुकरण करत नाही. डोळ्याला दिसलेली हालचाल आणि त्वचेला जाणवलेला स्पर्श यांनाही ती ध्वनीच्या साच्यात ओतते. थिरथिऱ्याची शेपटी मुकी आहे, पण तिची लय आपल्या तोंडात शब्द होऊन उतरली. माझा पीएच.डी.चा प्रबंध याच शब्दांवर होता. तीन वर्षे मी त्यांचे वर्गीकरण करत होतो, आणि त्या काळात खरा थिरथिरा मी एकदाही पाहिलेला नव्हता. ही कबुली तुमच्यासमोर द्यायला हरकत नसावी.

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी मी आईला विचारले, "आई, हा कोण गं?"

तिने सूप थांबवून भिंतीकडे पाहिले. "थंडीचा हाय. दरसाल येतो."

"पण त्याचं नाव काय?"

"ज्याला हाकलायचं न्हाई, त्याला नाव कशाला लागतंय?"

ती पुन्हा पाखडू लागली. मी मात्र वहीत ते वाक्य लिहिले आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिलो. वस्तूला नाव का मिळते, यावर भाषाविज्ञानात पुष्कळ लिहिले गेले आहे. माणसाचा ज्या वस्तूशी व्यवहार, तिला शब्द. जेथे व्यवहार दाट, तेथे शब्द दाट. आमच्या घराचा व्यवहार शाळूशी होता. शाळू खाणाऱ्या पाखरांना घरात नावे होती: चिमणी, राघू, भोरडी. बाकीची सगळी 'पाखरं'. थिरथिरा दाणा खात नव्हता, म्हणून तो आमच्या शब्दसंग्रहाच्या बाहेर, भिंतीवर बसून राहिला.

तिचा सिद्धान्त सगळीकडे लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. धोबी, शिंपी, तांबट, सुतार, कोतवाल ही नावे पिकाची नासधूस न करणाऱ्या पाखरांची आहेत. कोणीतरी सवडीने पाहून, आपल्या गावगाड्यातील माणसे त्यांच्यात ओळखून ती ठेवली. आणि अरण्यात राहणाऱ्यांचा पाखरांशी व्यवहार वेगळाच. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत तीन दशकांहून अधिक काळ जंगलांत काढला आणि आदिवासी, पारधी यांच्या तोंडचे शब्द निगुतीने टिपले. त्यांचा 'पक्षिकोश' त्यातून उभा राहिला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांच्या दरम्यानचा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. एक शब्द टिपणारा, एक पाखरे टिपणारा.

माझ्या लहानपणचा हिवाळा म्हणजे राखण. शाळू निसवला की माळा उभा राही. दाणा चिकात आला, हुरड्यावर आला, की पहाटेपासून माळ्यावर कोणीतरी हवेच. रविवारी आणि सुटीत मी. भोरड्या येत त्या हजारांनी. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्यापंखांच्या, आभाळात एकच चादर झटकावी तशा. त्या मध्य आशियाच्या आणि पूर्व युरोपच्या गवताळ प्रदेशांतून येतात, हे मला फार पुढे कळले. तिकडे त्या टोळ खातात. चीनमधील शिंजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून लोक त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम जागा बांधून देतात. आमच्या लेखी त्या फक्त चोर होत्या.

आबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात गोफण. गोफणीत दगड घालत नसत; ओल्या मातीचे गोळे वळून, वाळवून, टोपलीत भरून ठेवत. पाखरू टिपायचे नाही, उठवायचे, असा त्यांचा नियम होता. तुकोबांची ती कथा तुम्हांला ठाऊक असेल: एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखायला बसवले, ते माळ्यावर नामस्मरणात दंग झाले, पाखरांना त्यांच्याने हाकलवेना, पिकाची भरपाई मागितली गेली आणि अखेर त्या शेतात अपेक्षेच्या कितीतरी पट धान्य निघाले. देहू आणि भंडारा डोंगर येथून जवळच. ही कथा आमच्या भागात कीर्तनातून लहान मुलालाही पाठ असते. एकदा मी आबांना विचारले, "मग तुम्ही का हाकलता?" ते गोफण फिरवता फिरवता म्हणाले, "तुकोबांचं शेत देवानं भरून दिलं. आपलं सोसायटीचं कर्ज कोन भरनार?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "कडेच्या चार वळी सोडल्यात की त्यांना."

त्या चार ओळी ते खरोखर राखत नसत. मी तेव्हा ते आळसात जमा केले होते.

हाकलण्याच्याही त्यांच्या तीन रीती होत्या. चिमण्यांना टाळी आणि एक आखूड आवाज. राघूंना पत्र्याचा डबा. भोरड्यांना गोफणीचा कडाका आणि त्याच्या आधी एक लांब हाळी, जी पोटातून निघून वर चढे आणि शेवटी जिभेच्या एका चटक्याने तुटे. त्या हाळीने अर्धा मळा एकदम उठत असे.

प्रबंधासाठी मी जुन्नर, आंबेगाव, खेड, भोर या तालुक्यांत हिंडलो. टेपरेकॉर्डर घेऊन शेतकऱ्यांकडून बैलांना हाकण्याचे, कोंबड्यांना बोलावण्याचे, पाखरे उठवण्याचे आवाज गोळा केले. एकोणीस ध्वनिफिती भरल्या. एका शनिवारी घरी आलो तेव्हा आबांनी विचारले, "काय भरलंय त्यात?" मी जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याची हाळी लावून दाखवली. त्यांनी मान तिरकी करून ऐकली. "ह्यो भित्रा दिसतोय. आसं वरडल्यावर चिमनीबी उठायची न्हाई." मग ते याच परसदारात आले आणि त्यांनी भोरड्यांची हाळी दिली. एकदाच. आंब्यातली, शेवग्यातली, शेजारच्या कौलांवरची सगळी पाखरे फडफडत उठली. मी हसलो. टेपरेकॉर्डर आत टेबलावर होता. आबांचे केव्हाही घेता येईल, घरचेच आहेत, असे मला वाटले.

त्या एकोणीस फितींत चार तालुक्यांतील माणसे आहेत. आबा नाहीत. संताजींच्या गावात जन्मून मी परगावचे टिपत राहिलो.

आता आमच्याकडे शाळू होत नाही. रस्त्याकडेची दोन वावरे विकली गेली, उरलेल्यात गवत वाढते. आसपास गोदामे, प्लॉट, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ. हाकलायचेच नसेल तर हाळी कशाला, या आईच्याच न्यायाने ती हाळीही गेली. भोरड्या मात्र अजून येतात. शेताविना, नुसत्या वरून, संध्याकाळी इंद्रायणीच्या दिशेने जाताना दिसतात.

गेल्या माघात एका सकाळी त्यांचा मोठा थवा आंब्यावर आला. आई सूप खाली ठेवून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला, आणि काही कळायच्या आत तिच्या तोंडून ती हाळी निघाली. आवाज बारीक, मध्येच चिरलेला, पण चढ तोच आणि शेवटी जिभेचा चटका तोच. चाळीस वर्षे ती त्याच माळ्याखाली भाकरी घेऊन येत होती, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. थवा उठला. ती खाली बसली आणि धाप लागली म्हणून जरा हसली.

मी घाईने वही उघडली. 'हा' दीर्घ लिहिला, पुढे अवग्रह, मग 'हुर्'. जिभेच्या त्या चटक्याला आपल्या वर्णमालेत अक्षर नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा भाषांत असे ध्वनी शब्दांचे रीतसर घटक असतात. मराठी माणूस ते बैल हाकताना किंवा हळहळताना काढतो, पण लिहीत नाही. मी 'च्' लिहून पाहिला, 'ट्क' लिहून पाहिला, दोन्ही खोडले. मोबाईल खिशात आहे हे आठवले तोवर थवा दूर गेला होता आणि आई पुन्हा हाळी द्यायला तयार नव्हती. पाखरं न्हाईत तर वरडू कुनाला, असे तिचे म्हणणे. शेवटी तीन वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेले मी तिला मोठ्याने वाचून दाखवले.

तिने तिन्ही नीट ऐकून घेतले.

"आसं वरडलास," ती म्हणाली, "तर खाली उतरतील."